वरचा एक रुपया

धाकट्या भावाने आपल्या लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवला तेव्हा मी धुळ्याच्या स्टँडवर अमळनेरच्या गाडीची वाट बघत होते. मजकूर नेहमीचाच. वर गणपती, त्याखाली कुलदैवत, मग चि. आणि चि. सौ. कां., मग विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक अशा नावाखाली भाऊबंदांची भरती. एकाचं नाव राहिलं तर पुढची दहा वर्षं बोलणं बंद, म्हणून कोणालाच गाळलेलं नाही. शेवटी माझ्या मुलाच्या तोंडी घातलेलं, "आमच्या मामाच्या लग्नाला यायचं बलं का!" मुलगा दहावीला आहे आणि त्याला मिसरूड फुटलं आहे. ते असो.

नवीन होती ती अगदी तळाची चौकट. 'कृपया आहेर आणू नये. त्याऐवजी आपल्या इच्छेनुसार मुलींच्या वसतिगृहासाठी मदत करावी.' शेजारी तो काळा-पांढरा चौकोन, मोबाइलने स्कॅन करायचा.

पहिलं वाक्य वाचून आमच्याकडे कोणी दचकत नाही. 'आहेर आणू नये' हे खानदेशातल्या निम्म्या पत्रिकांवर असतं, आणि त्याचा अर्थ 'आणा, पण आम्ही मागितला असं म्हणू नका' एवढाच असतो. तेच वाचून लोक पाकिटं घेऊन येतात, घरचे "अहो कशाला, कशाला" म्हणत ती खिशात घालतात. दुसऱ्या वाक्याने मात्र घोळ केला. ते खरं होतं.

जिभाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, चष्मा कपाळावर चढवून तो मजकूर दोनदा वाचला. मग उठून आतल्या खोलीत गेले आणि फळीवरून वही काढून घेऊन आले.

या वहीबद्दल सांगायला हवं. लाल कापडी बांधणीची, लांबुळकी, दोरी गुंडाळलेली, किराणा दुकानात उधारीला असते तसली. पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाचे डाग. सुरुवात जिभाऊंच्या स्वतःच्या लग्नापासून, १९८२ चा वैशाख. 'कळशी पितळी १. पातेले १. रु. २. रु. ५. नारळ व खण.' अकरा रुपयेवाला एकच आहे, तो मायचा मोठा भाऊ. मग २००७ साली माझं लग्न: एक्कावन्न, एकशे एक, स्टीलचा डबा, आणि ठिकठिकाणी 'टॉ.टो.' म्हणजे टॉवेल-टोपी. हे झालं पुढून. वही उलटी करून मागून उघडली की दुसरा हिशेब: आपण कोणाच्या लग्नात काय टाकलं. गाव, नाव, साल, आकडा. अक्षर सुरुवातीला गोल, तरणंताठं. पुढे डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर ओळी तिरक्या झाल्या आहेत. पण खाडाखोड कुठे नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवते. जमा आणि नावे हे दोन शब्द पोरांच्या डोक्यात उतरवण्यात माझी अठरा वर्षं गेली. आमच्या घरात दुहेरी नोंदीची अशी चोख वही फळीवर पडून आहे हे मला त्या दिवशी दिसलं, याची थोडी लाजच वाटली.

जिभाऊंनी वही मागून उघडली, बोट ठेवलं आणि धाकट्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. तो पुण्याला, ऑफिसातून जिन्यात येऊन उभा राहिला.

"आपला लंबर लागना तं भिशीज बंद करी राह्यना का रे?" जिभाऊ म्हणाले.

मला वाटतं आहेरावर याहून नेमकं कोणी बोललेलं नसेल. शहरात आहेर म्हणजे भेटवस्तू. आवडली तर ठेवायची, नाही तर पुढे ढकलायची. गावात ती भिशी आहे. दर वैशाखात कोणाचा ना कोणाचा नंबर लागतो. एकरकमी पैसा हातात नसतो, कापूस दिवाळीनंतर जाणार, लग्न मात्र उन्हाळ्यात, तेव्हा सगळ्या गावाने पाच-पन्नास टाकायचे आणि मांडवाचं, किराण्याचं ओझं हलकं करायचं. उद्या त्यांच्या घरी आपण टाकायचे. जिभाऊंनी चाळीसेक वर्षं टाकले. माझ्या लग्नात थोडे परत आले. उरलेले धाकट्याच्या लग्नात येणार होते, आणि हा पोरगा म्हणत होता की ते आपल्याला नकोत, त्या वसतिगृहाला द्या.

धाकट्याचंही चुकत नव्हतं. त्याच्या दृष्टीने हे ओझं होतं. ज्याच्याकडे नाही त्यालाही टाकावं लागतं, उसने काढून टाकावं लागतं. आणि टोपी-टॉवेलांचं तर काय बोलावं. आमच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत घडी न मोडलेले निदान चाळीस टॉवेल आहेत. त्यातला एखादा गावभर फिरून पुन्हा आमच्याकडेच आला असेल तर नवल नाही. मायच्या ब्लाउजपिसांचं वेगळं खातं आहे, ते कुठल्याच वहीत नाही, तिच्या डोक्यात आहे. कोणत्या नणंदेने कोणत्या रंगाचा खण दिला होता आणि तो तिला कोणी दिला होता, इथपर्यंत.

वसतिगृह सातपुड्याच्या पायथ्याला. पाड्यांवरच्या मुली तिथे राहून शाळेत जातात. धाकटा दोनदा जाऊन राहून आला होता. त्याला तिथल्या मुलींच्या खोलीत पंखा बघायला मिळाला नव्हता, एवढंच तो सारखं सांगायचा. नंतर म्हणाला, "ज्या अमळनेरात साने गुरुजी १९२४ पासून शिकवत होते, पोरांचं छात्रालय सांभाळत होते, त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत होते, त्या गावात लग्न लावायचं आणि वसतिगृहासाठी चार पैसे मागायला लाजायचं?"

जिभाऊ गुरुजींचं नाव निघालं की नरम पडतात. पण त्या दिवशी पडले नाहीत. म्हणाले, "हाई गाव प्रतापशेठनं बी शे. शाळा, कॉलेज, समदं त्यासना नाववर शे. पन त्यासनी सोताना खिसामाईन दिधं. पाव्हनास्ना खिसामाईन नही."

जिन्यात शांतता पसरली. फोनवरसुद्धा ऐकू आली.

मग जिभाऊंनी दुसरा मुद्दा काढला. लॉनचं भाडं, मांडव, लाइटिंग, डीजे. डीजेचं चुलतभावांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, त्यात धाकट्याचं काही चाललं नव्हतं. दान करायचं तर तो आधी बंद कर आणि ते पैसे पाठव. यावर धाकट्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नाही. लाखाचा मांडव घालायचा आणि त्याच्या दारात दानाचा डबा ठेवायचा, हे मला आजही नीट पचत नाही.

लग्नातला फापटपसारा छाटायची हौस काही आजची नाही. फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न लावलं, भटजीशिवाय. आमच्या भागात तशी लग्नं अजून लागतात. मी दोन बघितली आहेत. भटजी नव्हता, अक्षता नव्हत्या, शपथ होती, भाषणं होती. आणि भाषणं संपल्यावर माईकवरून आहेर पुकारला गेला: "अमुक गावाचे तमुक पाटील, एकशे एक रुपये!" भटजीला घालवता आलं, आहेराला नाही.

सरकारलाही नाही. हुंडाबंदीच्या कायद्याखाली १९८५ साली नियम आले. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवायची: वस्तू कोणती, अंदाजे किंमत किती, देणाऱ्याचं नाव काय, नात्यातला असेल तर नातं कोणतं, आणि खाली नवरा-नवरीच्या सह्या. स्वखुशीने दिलेली भेट आणि मागून घेतलेला हुंडा वेगळे राहावेत म्हणून. अशी यादी केलेलं एकही घर मला माहीत नाही. जिभाऊंच्या वहीत सह्या नाहीत आणि किंमत लिहायचा उद्धटपणा नाही, बाकी सगळं आहे.

धाकट्याला एक गोष्ट शेवटपर्यंत कळत नव्हती. पाहुण्यांना वसतिगृहाचं वावडं नव्हतं. आमच्याकडे लोक देत नाहीत असं नाही. गणपतीची वर्गणी देतात, सप्त्याला गहू देतात, देवळाला देणगी देतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं म्हणतात खरं, पण आमच्या देवळातल्या पंख्यांच्या पात्यांवरसुद्धा नावं आहेत, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. पंखा फिरायला लागला की नाव पुसतं, लाइट गेली की पुन्हा दिसतं. आमच्याकडे लाइट बरीच जाते, त्यामुळे नावं सगळ्यांना पाठ आहेत. हे हसण्यावारी नेता येतं, पण मला ते तसं वाटत नाही. माणूस देतो तेव्हा कोणाला तरी देतो. कोणाला, हे ठरलेलं असलं की हात सैल सुटतो. चौकोन स्कॅन करून पैसे जातात ते कोणाकडे जातात? दुपारी शेजारच्या काकू पत्रिका हातात घेऊन आल्या आणि मायला विचारलं, "डब्बाले मनी वळख शे का?" डबा मला ओळखतो का, असं.

माय तोवर काही बोलली नव्हती. ती भाकरी थापत होती. काकू गेल्यावर म्हणाली, "कायबी करा, पन नाव लिखी ठेवा."

तिथे गाठ सुटली. डबा ठेवायचा, चौकोनही ठेवायचा, पण शेजारी जिभाऊ वही घेऊन बसणार. पैसे वसतिगृहाचे, नोंद घरची.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की लॉनमध्ये गवत नावाचं जे काही होतं ते पांढरं पडलं होतं. टाळीची, म्हणजे लग्न लागायची, वेळ पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं, टाळी लागली सव्वादोनला. मधल्या वेळात वरातीतली पोरं डीजेपुढे नाचत होती आणि म्हातारी माणसं कूलरच्या तोंडाशी खुर्च्या ओढत होती. वरणबट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी झकास होती, त्यावर बट्टीत तुपाची धार. पण जेवणाबद्दल इथे लिहायला बसले तर लेख तिकडेच संपेल.

मी टेबलाजवळ होते. डबा, चौकोनाची लॅमिनेट केलेली पाटी, जिभाऊ, वही. माझा मुलगा मोबाइल घेऊन मदतीला. पहिला अर्धा तास कोणी डब्याकडे फिरकलंच नाही. लोक स्टेजवर जाऊन नवरदेवाच्या हातात पाकीट कोंबायला बघत, तो हात मागे घेई, पाकीट खाली पडे, उचलायला तिघे वाकत. शेवटी धाकटा स्टेजवरून हातानेच खुणा करायला लागला, तिकडे, तिकडे.

मग लोक आले. एका मामांनी मोबाइलवरून पाचशे एक टाकले आणि स्क्रीन जिभाऊंच्या नाकाशी नेली, "टाकना बरं का." वरचा एक रुपया त्यांनी मोबाइलमध्येसुद्धा सोडला नाही. पाकिटाला एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतं, शुभ म्हणून. पूर्ण आकडा म्हणजे व्यवहार संपला, वरचा रुपया म्हणजे पुढे चालू. आता ते नाणं कुठे चिकटवायचं म्हणून मामांनी ते आकड्यातच घातलं होतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली, आणि ती दिवसभर डोक्यातून गेली नाही. नात्यातल्या एक फुई, म्हणजे आत्या, शेतमजुरी करतात, कापडी पिशवी घेऊन आल्या होत्या. पिशवीतून टॉवेलची घडी दिसत होती, वर नारळ. टेबलाशी आल्या, डबा बघितला, पाटी बघितली, माझ्या मुलाच्या हातातला मोबाइल बघितला, आणि पिशवीचं तोंड मुठीत आवळून मागे सरकल्या. टॉवेल-टोपी ऐंशी रुपयांची की दीडशेची, हे कोणी विचारत नसतं. ती घडी खांद्यावर ठेवली की झालं, सगळ्यांची सारखीच दिसते. आमच्या चांगल्या कामाने तिथे आकडा आणून ठेवला होता. मी उठून त्यांच्यामागे गेले. त्यांनी टॉवेल मायच्या हातात दिला, नारळ दिला, आणि घाईने म्हणाल्या, "मना हाई राहू द्या." राहू दिला. वहीत 'टॉ.टो. व नारळ' अशी नोंद झाली. आहेर न घेण्याचा नियम तिथेच मोडला, आणि मोडला याचं मला बरं वाटलं.

जेवणं उरकत आली तेव्हा एक तात्या आले. आमच्या शेताला त्यांचं शेत लागून होतं, पण मधली वीस-पंचवीस वर्षं ते सुरतेला. आमच्याकडची घरंच्या घरं तिकडे गेली, लूमवर, साड्यांच्या मार्केटमध्ये. माझ्या लग्नाच्या वेळी ते तिकडेच होते. आता पोरांनी तिकडेच घर केलं आणि हे दोघं परत आले. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, पण डब्यात टाकेनात. जिभाऊंकडे वळून म्हणाले, "मना लगनमा तुम्ही एकवीस रुपया टाकेल व्हतात. आते हाई डब्बामा टाकू तं ते फिटी का?"

जिभाऊंनी काही न बोलता वही उलटी केली. पानं चाळली. बोट एका ओळीवर थांबलं: १९८६, तात्यांचं नाव, रु. २१. त्यांनी पेन तात्यांच्या हातात दिलं.

तात्यांनी आधी पाकीट डब्याच्या फटीत सारलं. ते जाईना, नाण्याने फुगलं होतं. माझ्या मुलाने झाकण उघडलं. मग तात्यांनी वाकून, दोन्ही डोळे बारीक करून, त्या ओळीवर एक आडवी रेघ मारली. रेघ थोडी पुढच्या नावावर गेली. जिभाऊ म्हणाले, "चाली." मग पुढून वही उघडून त्यांनी नवी नोंद केली, रु. ५०१, आणि शेऱ्याच्या रकान्यात 'सं.' म्हणजे संस्था.

रात्री डबा रिकामा केला. रोख एकतीस हजार सहाशे आणि काही, चौकोनातून साडेबावीस हजार. चार पाकिटांवर नाव नव्हतं, त्यावर जिभाऊ तासभर अस्वस्थ होते. कोणाचं अक्षर आहे, कोणत्या दुकानाचं पाकीट आहे, यावरून त्यातली दोन त्यांनी शोधून काढली.

हिशेबाचं माझ्याकडे होतं म्हणून दोन शब्द. संस्थेला दोन हजारांच्या वर रोख दिलं तर आयकरातली ८०जी ची सूट मिळत नाही, म्हणून रोख रक्कम धाकट्याच्या खात्यात भरून तिथून वळती केली. पावती आली ती त्याच्या एकट्याच्या नावावर. त्यातही तो नव्या करप्रणालीत आहे, तिथे ही सूट नाहीच, त्यामुळे त्याला त्या पावतीचा एक पैचा उपयोग नाही. पाहुण्यांना वेगवेगळ्या पावत्या द्यायच्या म्हटलं तर प्रत्येकाचा पॅन मागायला हवा. वरणबट्टी वाढताना पॅन विचारायचं धाडस माझ्यात नाही.

पावती धाकट्याच्या नावावर हे खरं, पण ते दान कोणाचं, हा प्रश्न मला सुटता सुटला नाही. मी तो प्रश्न बारावीच्या वर्गात फळ्यावर लिहिला, नावं न घालता. जे पैसे आले ते पाहुण्यांचे. पण पाहुण्यांनी ते जिभाऊंचं देणं म्हणून दिले, किंवा जिभाऊ पुढे फेडतील म्हणून दिले. जिभाऊंनी ते सगळे वहीत जमा धरले. म्हणजे जिभाऊंच्या डोक्यावर ते कर्ज. पैसा मात्र घरात आलाच नाही, पायथ्याच्या वसतिगृहात गेला. नोंद करा. पोरांनी बरंच डोकं खाजवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग तर हे आजोबांनीच दिले. उधारीवर."

मी तिला पूर्ण गुण दिले. धाकट्याला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्यांना हे आधीच कळलं होतं का गं?" मला माहीत नाही. जिभाऊ अशा गोष्टी बोलत नाहीत. प्रतापशेठांचं नाव मात्र त्यांनी त्यानंतर काढलेलं नाही.

पायथ्याला पंखे बसले, धाकट्याने फोटो पाठवला. जिभाऊंनी फोटो मोठा करकरून बघितला. पात्यांवर नाव नव्हतं.

परवा मी गावी गेले तर ते दारात धोतर नेसून तयार होते. सुरतेच्या तात्यांच्या मुलाचं लग्न, तिकडे सुरतेत उधन्याला नाही, इथेच, बोरी नदीच्या पलीकडच्या गावात. पत्रिकेवर तळाशी छापलं होतं, 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर'. जिभाऊंनी ते वाचलंसुद्धा नसेल. वही पुढून उघडली, तात्यांची ओळ बघितली, पाचशे एक, शेरा 'सं.' पाकिटात पाचशेची नोट घातली, त्यावर शंभराची एक. मग सदऱ्याचे खिसे चाचपले, फळीवरचा डबा हलवून बघितला, देव्हाऱ्यात बघितलं.

"तुनाकडे एक रुप्याना शिक्का शे का वं?" मला विचारलं. "आते कोनाकडेज सुट्टा राहत नही."

मी पर्स उलटी केली. दोनचे दोन निघाले, पाचचा एक. ते उठले आणि चपला घालून शेजारी बघायला गेले.